ओपेथ बदलले म्हणजे नक्की काय बदलले?

यंदाच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी जे सादर केले त्याला गाणे म्हणावे की नाही, यावर प्राध्यापक-कक्षात दोन दिवस चर्चा चालली होती. गाणाऱ्या मुलाने माईक तोंडाजवळ धरून घशातून जो आवाज काढला तो ऐकून पहिल्या रांगेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला हळूच विचारले, "पोराला बरं नाही काय हो? ज्येष्ठमधाची काडी तरी द्या की!" मी काही बोललो नाही. कारण ती चाल मला पाठ होती, आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती पाठ कशी, हे सांगायला तेव्हा सवड नव्हती. आता या अंकाच्या निमित्ताने सांगतो.

मुलांनी वाजवले ते स्वीडनमधल्या 'ओपेथ' या वाद्यवृंदाचे. कार्यक्रमानंतर कँटीनमध्ये त्याच मुलांत भांडण जुंपले. एका पक्षाचे म्हणणे, ओपेथ २०११ साली संपले. त्यांनी गुरगुर सोडली आणि म्हाताऱ्यांचे संगीत वाजवू लागले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, असेल, पण २०२४ साली ते 'परत आले', कारण गुरगुर परत आली. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती, ती म्हणजे ओपेथ बदलले की नाही हे घशावरून ठरवायचे. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे, आणि हा लेख त्या आक्षेपापुरता आहे.

ज्यांना या संगीताचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडे. डेथ मेटल हा प्रकार १९८०च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात वाढला आणि दशक संपता संपता स्टॉकहोमच्या पोरांनी तो उचलला. विद्युत गिटारी खाली उतरवलेल्या सुरात, ध्वनी मुद्दाम फाडलेला, ड्रमवर दोन्ही पाय सारखे चालू, आणि गायन म्हणजे 'ग्रोल', आपल्या भाषेत गुरगुर. ही गुरगुर म्हणजे ओरडणे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. आपल्या कंठात बोलताना कंप पावणारी जी स्वरपटले असतात त्यांच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना ती स्वस्थ असते. ग्रोल करणारा तिला कामाला लावतो आणि तिच्या संथ, खरखरीत कंपाने मूळ आवाजाला जाडी आणतो. ज्याला हे येते तो ते बेताच्या आवाजात करतो, त्याचा घसा बसत नाही. ज्याला येत नाही त्याला मात्र ज्येष्ठमध लागते, हे आमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे.

या आवाजात शब्द कळत नाहीत, मग गाणे ते कसले, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विलंबित ख्यालात किती जणांना शब्द कळतात? तिथे आपण स्वर ऐकतो. इथे ग्रोलमध्ये धड स्वरही नसतो, हे मान्य. तो एक रंग आहे, पोत आहे. आणि नुसत्या पोताचे चित्र किती वेळ बघवेल? ओपेथचे वेगळेपण इथून सुरू होते. त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट हाच गुरगुरतो आणि हाच, त्याच गाण्यात, अर्ध्या मिनिटाने, अंगाई म्हणावी इतक्या मऊ आवाजात गातो. गीतकार, मुख्य संगीतकार आणि एक गिटारवादकही तोच. त्याच्याभोवतीची माणसे एकेक करून बदलली, तो राहिला.

माझी आणि ओपेथची गाठ २००३ साली वसतिगृहात पडली. माझा खोलीतला जोडीदार धारवाडकडचा, घरी कन्नड बोलणारा. मी मराठी शाळेतला. पहिले काही महिने आमचे संभाषण मोडक्या इंग्रजीत आणि जेवणाच्या ताटावर त्याहून मोडक्या कन्नड-मराठीत चाले. त्याने कुठूनशी एक सीडी आणली होती. दुकानातली नव्हे, कुणीतरी संगणकावर भरून दिलेली, वर पेनाने एकच शब्द लिहिलेला. तिच्यात चौदा गाणी होती आणि संगणकाच्या शिस्तीप्रमाणे ती इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लागत. त्यामुळे 'क्लोजर' हे एक हळुवार गाणे, मग 'डेथ व्हिस्पर्ड अ ललबाय' हे त्याहून हळुवार गाणे, आणि त्याच्यामागून 'डिलिव्हरन्स' नावाचे तेरा मिनिटांहून मोठे वादळ, असा क्रम येई. 'क्लोजर' मध्येच, चाल ऐन रंगात असताना, कात्रीने कापल्यासारखे थांबते. आम्ही कित्येक दिवस सीडीवर चरा पडला आहे असे समजून ती शर्टाच्या टोकाने पुसत होतो. तो शेवट तसाच आहे, मुद्दाम केलेला आहे, हे फार नंतर कळले.

त्याहून मोठी गोष्टही नंतरच कळली. ती चौदा गाणी एका अल्बमची नव्हती. 'डिलिव्हरन्स' हा २००२चा अल्बम, त्यांच्या सर्वांत कठोर अल्बमांपैकी एक. त्यात सहा गाणी. 'डॅम्नेशन' हा २००३चा. त्यात आठ गाणी, गुरगुर एकदाही नाही, फाडलेली गिटार जवळजवळ नाही, मागे मेलोट्रॉन. मेलोट्रॉन म्हणजे पेटीसारखे वाद्य, प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा, पट्टी दाबली की फितीवरचे व्हायोलिन किंवा बासरी वाजणार. साठ-सत्तरच्या दशकातली चीज. हे दोन्ही अल्बम एकाच वेळी ध्वनिमुद्रित झाले होते आणि ओकरफेल्टच्या डोक्यात ते जोडीनेच यायचे होते. कंपनीने त्यांना काही महिन्यांच्या अंतराने वेगवेगळे विकले. म्हणजे आमच्या त्या चोरट्या सीडीने, अजाणता का होईना, जोडी परत जुळवली होती! चोरीचे समर्थन करीत नाही. पण माझे कान त्या क्रमावर तयार झाले, आणि ओपेथ म्हणजे काय याची माझी व्याख्या त्या क्रमातून आली आहे: 'डेथ व्हिस्पर्ड'ची शेवटची कुजबुज आणि 'डिलिव्हरन्स'चा पहिला घाव यांच्यामधले अंतर. ते अंतर म्हणजे ओपेथ. घाव एकटा ओपेथ नाही, कुजबुजही एकटी नाही.

ही व्याख्या हाती घेऊन मागे जाऊ. वाद्यवृंद सुरू झाला १९९०च्या सुमारास. नाव विल्बर स्मिथ यांच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतल्या एका नगरीवरून घेतलेले. पहिला अल्बम 'ऑर्किड' १९९५चा, दुसरा 'मॉर्निंगराइज' १९९६चा. 'मॉर्निंगराइज'मध्ये अवघी पाच गाणी, त्यांतले 'ब्लॅक रोझ इम्मॉर्टल' वीस मिनिटांचे. या दोन्ही अल्बमांचे भक्त आहेत आणि ते मला माफ करणार नाहीत. पण मला हे दोन्ही गोधडीसारखे वाटतात. तुकडा सुंदर, शेजारचा तुकडाही सुंदर, पण हा त्याच्या शेजारी का, याचे उत्तर दोऱ्यापलीकडे काही नाही. दोन गिटारी एकमेकींत गुंफून एक चाल चालते, संपते, पुढची येते, मागची पुन्हा कधी भेटत नाही. कठोर भाग आणि हळुवार भाग इथेही आहेत, पण ते आळीपाळीने येतात, दिवसपाळी-रात्रपाळीसारखे.

खरा बदल, माझ्या मते सर्वांत मोठा बदल, १९९८ ते २००१ या काळात झाला, आणि त्याबद्दल कुणीही 'ओपेथ बदलले' म्हणून बोंब मारली नाही. १९९८च्या 'माय आर्म्स, युअर हर्स'पासून एक सबंध कथा अल्बमभर चालू लागली. जुने बास आणि ड्रमवाले गेले, मार्टिन लोपेझ ड्रमवर आला आणि त्याच्या पाठोपाठ मार्टिन मेंडेझ बासवर आला. या अल्बमवरचा बास घाईत ओकरफेल्टनेच वाजवला आहे. लोपेझचे ड्रम ऐका. डेथ मेटलच्या ड्रमरला सारखा वेग दाखवायची हौस असते. हा माणूस मोकळी जागा सोडतो, झांजेच्या कडेवर हलके खेळतो, आणि त्यामुळे कठोर भागातून हळुवार भागात जाताना ठेच लागत नाही. १९९९च्या 'स्टिल लाइफ'मध्ये श्रद्धा न मानल्यामुळे गावाबाहेर काढलेला माणूस प्रेयसीसाठी परत येतो. 'फेस ऑफ मेलिंडा' हे त्यातले गाणे जवळजवळ सगळे कुजबुजीत जाते आणि शेवटी फुटते. पण फुटते तेव्हाही गुरगुर येत नाही. गिटारी कठोर होतात, आवाज स्वच्छ राहतो. मुलांनो, हे १९९९ साल आहे. गुरगुर न करता वादळ करता येते हे त्यांनी तेव्हाच करून दाखवले होते.

मग २००१चा 'ब्लॅकवॉटर पार्क'. इंग्लंडच्या 'पॉर्क्युपाइन ट्री'चा स्टीव्हन विल्सन निर्मितीत सामील झाला आणि ध्वनीला खोली आली. पहिल्यांदा वाटले की ही वाद्ये एका दालनात वाजत आहेत आणि दालनाला छत आहे. यातल्या 'द ड्रेपरी फॉल्स'पाशी मी थोडा थांबणार आहे, कारण वर्गात ज्याला मी 'सिद्धता' म्हणतो ती इथे आहे. गाणे सुमारे अकरा मिनिटांचे. सुरुवातीला साधी गिटार, तिच्यावर विद्युत गिटारची एक लांब, वर चढत जाणारी ओळ. आवाज स्वच्छ. जवळजवळ अर्धे गाणे होईपर्यंत गुरगुर नाही; पण ती येणार आहे, हे खालचा ताल सांगत राहतो. ती येते तेव्हा आधीची चालच आतून काळी झाल्यासारखी वाटते, नवा तुकडा जोडल्यासारखे वाटत नाही. आणि अखेरीस ती पहिली चढती ओळ परत येते. तीच ओळ, तेच स्वर. पण मधल्या पाच मिनिटांनंतर तिचा अर्थ तोच राहत नाही. समेवर येणे म्हणतात ते हेच नव्हे काय? 'मॉर्निंगराइज'मधला तरुण हे करू शकत नव्हता. त्याच्याकडे चाली होत्या, परत येणे नव्हते.

यानंतरच्या दोन अल्बमांवरून मी भराभर जातो. २००५च्या 'घोस्ट रेव्हरीज'मध्ये पेर विबेर्ग कीबोर्डवर कायमचा आला, त्यामुळे मागची भिंत भरली. मग लोपेझ गेला, २००७ साली जुना साथीदार गिटारवादक पीटर लिंडग्रेन गेला. २००८च्या 'वॉटरशेड'वर फ्रेडरिक ओकेसन गिटारला आणि मार्टिन ॲक्सेनरोट ड्रमला आहे. चांगला अल्बम आहे. फक्त मला त्यात माणूस आपल्याच घरात फर्निचर हलवून पाहतो आहे असे वाटत राहते. पुढच्या वर्षी, २००९ साली, ते आपल्या देशात आले, चेन्नईच्या आय.आय.टी.च्या 'सारंग' महोत्सवात. नंतर २०१२ साली बंगळूरला. माझा जोडीदार बंगळूरला नोकरी करीत होता, तो गेला. मला परीक्षेचे काम होते. प्राध्यापकाच्या आयुष्यात परीक्षा कधी येते याचा विचार कोणताही वाद्यवृंद करीत नाही.

पण तोपर्यंत आमचे भांडण झाले होते. कारण त्याआधी, सप्टेंबर २०११ मध्ये, 'हेरिटेज' आला होता.

'हेरिटेज'मध्ये गुरगुर नाही. 'डॅम्नेशन'मध्येही नव्हती, पण ती जोडीतली अर्धी बाजू होती. इथे दुसरी बाजू येणारच नव्हती. पियानोने सुरुवात, सत्तरच्या दशकातल्या ऑर्गनचा घरघराट, एका गाण्यात बासरी, एक गाणे २०१०ला वारलेल्या रॉनी जेम्स डिओच्या स्मरणार्थ. मुखपृष्ठावर एक झाड, फळांच्या जागी वाद्यवृंदातल्यांची तोंडे, आणि विबेर्ग सोडून गेला म्हणून त्याचे तोंड झाडावरून गळून पडताना! जोडीदाराचा रात्री फोन आला. तो म्हणाला, याने आपल्याला फसवले. मी म्हणालो, फसवले कसे, याने काय करार केला होता काय तुझ्याशी? तो म्हणाला, केला होता. पैसे देऊन तिकीट काढतो तो करारच असतो. मी त्याला कुमार गंधर्वांचे उदाहरण दिले. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या नकला करून सभा जिंकणारा. मग क्षयाने काही वर्षे गाणे बंद, आणि देवासला त्या आजारातून उठून गायला बसले तेव्हा गाणेच वेगळे झालेले. तेव्हाही लोक म्हणालेच असतील की, आमचा तो कुमार कुठे गेला? जोडीदाराने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "त्यांचं फुप्फुस गेलं होतं. ह्याला काय धाड भरली?" मी फोन ठेवला. त्यानंतर ओपेथवर आम्ही बरीच वर्षे बोललो नाही. पोरांच्या लग्नकार्याचे, बदल्यांचे बोललो; ओपेथचे नाही.

आज कबूल करतो, त्या भांडणात मी प्रामाणिक नव्हतो. 'हेरिटेज' मलाही आवडला नव्हता. मी तत्त्वासाठी भांडत होतो आणि कान दुसरेच सांगत होते. कलावंताला बदलायचा हक्क आहे, हे तत्त्व बरोबरच. पण हक्क आहे म्हणून बदल चांगला ठरत नाही. जोडीदाराची तक्रारही बरोबर होती, फक्त तिला त्याने नाव चुकीचे दिले. त्याला वाटले गुरगुर गेली. माझ्या मते गेले ते अंतर. 'हेरिटेज'मधली बरीच गाणी एकाच उंचीवर चालतात. गाणे थांबते, दुसरी चाल सुरू होते, ती थांबते, तिसरी. म्हणजे पुन्हा ती 'मॉर्निंगराइज'ची गोधडी, फक्त कापड सत्तरच्या दशकातले. 'स्टिल लाइफ'मध्ये आवाज स्वच्छ ठेवून वादळ करणारा माणूस इथे वादळच टाळतो. याला गुरगुरीचा अभाव कारण नाही. याला पुरावा पुढच्या अल्बमात आहे: २०१४च्या 'पेल कम्युनियन'मध्येही गुरगुर नाही, पण 'फेथ इन अदर्स' हे शेवटचे गाणे ऐका. तंतुवाद्यांनी भरलेले, एका जागी थांबून मग पुन्हा उठणारे. तिथे अंतर परत आले आहे, दुसऱ्या मापाने. २०१६च्या 'सॉर्सरेस'बद्दल मला फारसे बोलायचे नाही.

२०१९च्या 'इन कॉडा व्हेनेनम'बद्दल मात्र बोलायचे आहे, आणि ते या अंकाच्या वाचकांशी खास बोलायचे आहे. आयुष्यभर इंग्रजीत गाणाऱ्या ओकरफेल्टने या वेळी गाणी आपल्या मातृभाषेत, स्वीडिशमध्ये केली, आणि मग जगाला कळावीत म्हणून तोच अल्बम इंग्रजीतही गायला. दोन्ही एकाच दिवशी बाजारात आले. वाद्ये तीच, चाली त्याच, भाषा दोन. मी आधी इंग्रजी ऐकला, कारण भाषा कळते. मग स्वीडिश, जिच्यातला एक शब्द मला कळत नाही. आणि चमत्कार असा की स्वीडिशच खरा वाटला. याचे कारण गूढ वगैरे नाही. चाल एका भाषेच्या आघातांवर बेतली की दुसरी भाषा तिच्यात बसवताना कुठेतरी अक्षर ओढावे लागते, कुठे कोंबावे लागते. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातलेला माणूस चालताना कळतो, तसे. नाट्यसंगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे नाटककारांनी कन्नड चालींवर मराठी पदे बसवली आणि ती इतकी बेमालूम बसली की मूळ कन्नड होते हे आपण विसरलो. पण तिथे पद चालीसाठी लिहिले गेले, भाषांतर झाले नाही.

आपल्या या अंकाला दोन विभाग आहेत. मी या महाविद्यालयात आल्यापासून पाहतो आहे, मराठी मुले मराठी विभाग वाचतात, कन्नड मुले कन्नड. अंक मधूनच फाडून दोन केला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. मी स्वतः कन्नड लिपी अडखळत वाचतो आणि ती अडखळही वसतिगृहातल्या त्या जोडीदाराची देणगी. म्हणून स्वीडिश न कळता स्वीडिश अल्बम तीन-तीनदा ऐकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना एक विचारतो: शेजारच्या विभागातली एक तरी कविता तुम्ही कुणाकडून वाचून घेतली आहे काय? विषयांतर झाले असेल, पण ते मी काढणार नाही.

आता २०२४. नोव्हेंबरात 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला. ॲक्सेनरोट जाऊन फिनलंडचा वाल्टेरी व्हॅयरुनेन ड्रमवर बसला होता. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एका धनाढ्य घराचा कर्ता मेला आहे, मुले जमली आहेत, मृत्युपत्र वाचले जात आहे. गाण्यांना नावे नाहीत. कलम पहिले, कलम दुसरे, अशी सात कलमे, आणि आठव्या गाण्याला तेवढे नाव. 'जेथ्रो टल'चा इयन अँडरसन निवेदन करतो, बासरीही वाजवतो. आणि सोळा वर्षांनी ओपेथच्या अल्बमवर गुरगुर परत आली.

त्या दिवशी सकाळी जोडीदाराचा दोन शब्दांचा संदेश आला: "बंद नोड!" म्हणजे, आला बघ. तेरा वर्षांनी त्याने ओपेथचा विषय काढला होता, आणि मी वर्गावर जायच्या आधी जिन्यात उभा राहून तो संदेश चार वेळा वाचला.

पण कोण आला? अल्बम ऐकला आणि मला जे वाटले ते त्याला लिहून पाठवले. तेच इथे देतो. १९९५ साली ग्रोल हा त्या प्रकारचा गणवेश होता; डेथ मेटल वाजवायचे तर घालायलाच हवा. 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये तो अंधार झाला. २०२४मध्ये तो एक पात्र आहे. हा मेलेल्या बापाचा आवाज आहे. कागदावरून बोलणारा, जिवंत मुलांना उत्तर देऊ न देणारा. म्हणून तो जिथे कलम कठोर तिथे येतो आणि कलम संपले की जातो. शेवटच्या गाण्यात मृत्युपत्र संपलेले असते, तिथे गुरगुर नाही. हे मांडायला 'हेरिटेज'पासूनची ती तेरा वर्षे लागली असावीत असे मला वाटते. स्वच्छ आवाजात वेगवेगळी माणसे उभी करायला, गायनाचे थर रचायला, बासरीला आणि तंतुवाद्यांना जागा द्यायला तो त्या 'वाया गेलेल्या' अल्बमांत शिकला. ती वर्षे वगळून सरळ 'वॉटरशेड'वरून इथे उडी मारता येत नाही. कँटीनमधल्या दोन्ही पक्षांना माझे हे उत्तर आहे. जो म्हणतो ते २०११ला संपले, त्याने २०२४ नीट ऐकला नाही. जो म्हणतो परत आले, तो समजतो की माणूस मधल्या काळात कुठे गेला होता.

आणि तरीही, 'हेरिटेज' हा कच्चा अल्बम आहे, हे माझे मत मी बदललेले नाही. त्यातून पुढे चांगले निघाले म्हणून तो चांगला होत नाही. एका नापास उत्तरपत्रिकेनंतर मुलगा पहिला आला तरी ती उत्तरपत्रिका नापासच राहते. अपवाद एकाच गाण्याचा. 'फेमिन' हे ते गाणे; त्यात सुरुवातीला हातांनी वाजवलेले तालवाद्य आणि बासरी, मग एकट्याने बोलल्यासारखा पियानो, आणि मग एकदम गिटारीचा असा तडाखा की खिडकीची काच पाहावी. तिथे अंतर आहे. २०११ साली मी आणि जोडीदार भांडण्यात इतके गुंतलो होतो की ते दोघांनाही ऐकू आले नाही.

संदेशाला त्याचे उत्तर आले: पटले नाही, समोरासमोर बोलू. मेमध्ये तो धारवाडला येतो आहे, वाटेत एक रात्र माझ्याकडे उतरेल. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे, तीही बरोबर असेल. ती म्हणे हे सगळे संगीत ऐकून कान झाकून घेते. मी 'फेमिन' काढून ठेवले आहे. सौ.ने शेजाऱ्यांना आधीच कल्पना दिली आहे.